वाघ्या नावाचा ससा

कुत्र्याला 'वाघ्या' म्हटले की तो वाघासारखा होतो, अशी आमच्या घरची भाबडी समजूत. नांदगाव पेठेत बिऱ्हाड केले त्या पावसाळ्यात, चारएक महिन्यांचे एक पिवळे पिलू शेजाऱ्यांच्या बंडीखाली थरथरताना सापडले. मुलांनी त्याला घरात आणले, नाव ठेवले; आणि वाघ्याने तडक पलंगाखालचा कोपरा गाठला. ताट पडले, पळाला. कुकरची शिट्टी झाली, पळाला. छत्री उघडली, तर दिवसभर जेवला नाही!

"हे कुत्रं नाही जी, ससा होय ससा!" शेजारच्या आजी म्हणाल्या.

मला ते लागले. भीती मोडायची तर भीतीच्या तोंडीच उभे करावे, असा माझा बाणा. पट्टा बांधून मी त्याला ओढतच नागपूरच्या महामार्गावर नेई. ट्रक आला की तो मातीला चिकटे. मी आणखी ओढी. दिवाळीत तर कहर केला. सवय व्हावी म्हणून त्याला अंगणात धरून ठेवले आणि मुलाला लवंगी माळ लावायला सांगितले. वाघ्या पट्ट्यासकट हिसडा मारून अंधारात पळाला, तो थेट महामार्गाच्या दिशेने.

रात्रभर आम्ही बापलेक बॅटरी घेऊन हिंडलो. प्रत्येक ब्रेकच्या आवाजाने काळजात चर्र होई. पहाटे तो पऱ्हाटीच्या शेतात सापडला. मला पाहून तो मागे सरकला. ट्रकला भिणारे ते पोर आता मलाही भीत होते.

"वढू नका त्याले. नुसते बसा जी जवळ. त्याचं तेच येईल," आजी म्हणाल्या.

मग मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसू लागलो. बाजूला भाकरीचा तुकडा. नवव्या दिवशी माझ्या कोपराला ओले नाक लागले. मी मुद्दामच वळलो नाही.

आजींचे शहाणपण पुस्तकातही आहे, हे मागाहून कळले. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी 1924 साली सशाला भिणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या पोराची हकीकत प्रसिद्ध केली. पोर आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. शेवटी ते पोर सशाला कुरवाळू लागले!

आम्हीही तेच केले. महामार्ग नुसता ऐकू येईल इतक्या लांब बसायचे आणि भाकरी द्यायची. वाघ्याने खाल्ली, तर दुसऱ्या दिवशी चार पावले पुढे. तोंड फिरवले, तर निमूटपणे मागे. अंतर त्याने ठरवायचे. धाकाने कुत्रा गप्प होतो, धीट होत नाही, हे मला तेव्हा उमगले. आणि खरे सांगू? मुलाला गणित शिकवताना चढणारा माझा आवाजही त्याच सुमारास उतरला.

वाघ्या शूर झाला का? छे! यंदाही दिवाळीचा पहिला बार उडाला आणि स्वारी पलंगाखाली. आम्ही खिडक्या लावल्या, रेडिओ लावला आणि त्याला बाहेर काढायला कोणी गेलो नाही. फराळाला बसलो, तेव्हा पलंगाच्या चादरीखालून आधी नाक आले, मग कान, आणि मग अख्खा वाघ्या येऊन माझ्या मांडीला टेकला. बाहेर आणखी एक बार उडाला. तो थरथरला, पण या वेळी पळाला, तो माझ्याकडे.