कोण कुठून खेळणार?

लुका डोनचिच डॅलस सोडून लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेल्याची बातमी धाराशिवला आमच्या माहेरी पोचली ती 2 फेब्रुवारी 2025च्या रविवारी, सकाळी अकराच्या आतबाहेर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र नुकतीच उलटली होती. भाचा पुण्याहून आलेला. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या सामन्यांसाठी हा मुलगा पहाटे उठतो. अभ्यासाला मात्र त्याला कधी पहाट सापडलेली नाही. पोह्यांची बशी तशीच ठेवून तो अंगणात आला आणि म्हणाला, "आत्या, असं कुणी करतं का?"

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. पोरगा पंचवीस वर्षांचा, मूळचा स्लोव्हेनियाचा, आदल्याच वर्षी डॅलसला अंतिम फेरीत घेऊन गेलेला. त्याला देऊन डॅलसनं अँथनी डेव्हिस घेतला, तोही तिशी ओलांडलेला. सोबत दोन-चार खेळाडू इकडचे तिकडे, आणि 2029 सालचा एक 'पिक', म्हणजे चार वर्षांनी जी नवी पोरं लीगमध्ये येतील त्यांतलं एक निवडण्याचा हक्क. पुढच्या हंगामात सोयाबीनला काय भाव लागेल हे आमच्याकडं कुणी सांगू शकत नाही आणि ही माणसं चार वर्षांनंतरचा पोरगा वहीत मांडून मोकळी!

"त्याला विचारलं असेल ना?" मी म्हटलं.

"कुठलं! त्याला सगळ्यात शेवटी कळलं."

"मग यात नवीन काय? मलाही शेवटीच कळलं होतं."

भाच्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळत होते. राज्य स्पर्धेच्या तयारीचं शिबिर चालू असताना एका संध्याकाळी घरी आले तर पाहुणे बसलेले. स्थळ बार्शीचं. धाराशिव ते बार्शी म्हटलं तर एसटीनं तासाभराचं अंतर, पण बार्शी सोलापूर जिल्ह्यात. निजामाच्या काळातही हद्द मधूनच जात होती. आम्ही मोगलाईतले, ते इंग्रजांचे. लग्नानं नुसतं घर नाही बदललं, जिल्हा बदलला, आणि जिल्हा बदलला की संघ बदलतो. सासरे हौशी होते, "खेळ की" म्हणाले. ना हरकत प्रमाणपत्र आणलं आणि पुढच्या हंगामात मी सोलापूरकडून उतरले.

साखळीतच उस्मानाबाद समोर आलं (तेव्हा उस्मानाबादच म्हणायचो). माझ्याविरुद्ध आक्रमणाला माझीच जुनी जोडीदारीण. वर्षानुवर्षं एका तुकडीत पळालेलो आम्ही. खांबाजवळ मी आधी डावा खांदा टाकते आणि उजवीकडून निघते, हे तिला माझ्या आईपेक्षा जास्त ठाऊक. मिनिटभरसुद्धा संरक्षण झालं नाही. तिनं सूर मारून पायाला हात लावला आणि उठताना कानात म्हणाली, "खांदा बदल आता." सामना आम्ही डावानं हरलो. भाच्याला मी म्हटलं, तुझ्या लुकाला निदान पगार तरी तेवढाच राहिला असेल.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मैदानावर गेलो. माहेरी आले की मी जातेच. जुन्या मैत्रिणी तिथं सापडतात. कुणी शाळेत क्रीडाशिक्षिका, कुणी पोलिसात, कुणाची मुलगी आता खेळतेय म्हणून डबा-पाणी घेऊन बसलेली. कानात सांगणारी ती जोडीदारीणही होतीच. दोनच आठवड्यांपूर्वी, 19 जानेवारीला, दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली होती आणि भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले होते. महिलांच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्यामुळं मैदानावर नवी पोरं इतकी, की चुना मारायला जागा पुरेना. त्याआधी सारिका काळे होऊन गेलेली. 2016मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, 2020मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला बावीस वर्षांनी. घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, हे तिनंच सांगितलेलं. आमच्या गावात पोरीला खो-खोला घालताना आई-बाप सारिकाचं नाव घेतात आणि पुढं लगेच विचारतात, नोकरी कधी लागते?

भाच्यानं मैदानावरही डोनचिचचंच लावलं. ऐकता ऐकता जोडीदारीण म्हणाली, "म्हणजे आपल्या अल्टिमेट खो-खोसारखंच की." त्यावर भाचा हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

ती लीग 2022च्या ऑगस्टमध्ये पुण्यात, बालेवाडीला सुरू झाली. संघ सहा: चेन्नई क्विक गन्स, गुजरात जायंट्स, मुंबई खिलाडीज, ओडिशा जगरनॉट्स, राजस्थान वॉरियर्स, तेलुगू योद्धाज. बोली नव्हती. खेळाडूंचे चार गट पाडलेले, पाच लाख, तीन लाख, दीड लाख आणि एक लाख, आणि संघांनी आळीपाळीनं निवडायचं. एनबीएच्या ड्राफ्टसारखंच, फक्त शून्यं कमी. मजा अशी की नावं कुठलीही असोत, खेळणारे बरेचसे आपलेच. पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगूंचा, वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईचा. अंतिम सामना ओडिशा आणि तेलुगू यांच्यात. शेवटच्या क्षणांत ओडिशाच्या सूरज लांडेनं आकाशीय सूर मारून तीन गुण घेतले आणि 46-45नं चषक नेला. वेळापूर बार्शीच्याच सोलापूर जिल्ह्यातलं, त्यामुळं आमच्या गल्लीतली पोरं तो सगळा महिना चेन्नईची झाली होती. चेन्नई कुठल्या दिशेला आहे हेही त्यांतल्या काहींना माहीत नसावं. दुसरा हंगाम कटकला झाला, डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024. तो गुजरातनं जिंकला.

नियमही बदललेले. नेहमीच्या खेळात आक्रमकानं एकदा दिशा धरली की मागं वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. लीगमध्ये 'वजीर' आणला, त्याला कुठंही पळायची मुभा. डाव नऊऐवजी सात मिनिटांचे. माझ्या मैत्रिणींना वजीर अजिबात खपत नाही; बंधन काढलं तर खो-खोत उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. मी थोडी वेगळी आहे. लीगनं एक गोष्ट न्यायाची केली: तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली तर संरक्षण करणाऱ्यांच्या खात्यातही गुण पडतात. मी आयुष्यभर संरक्षण केलं, मिनिटं काढली, आणि गुणफलकावर त्या मिनिटांचा आकडा कधी दिसला नाही. फक्त दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कंसात यायचा.

भाच्याचं हसणं कशासाठी होतं ते त्यानं नंतर सांगितलं. "आत्या, लीग चांगली आहे, पण सगळी पुरुषांचीच. तुमच्या धाराशिवमधून जगात जिंकून आल्या त्या मुली. मग तुम्ही कुणाच्या ट्रेडवर बोलता?"

यावर कुणीच काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं नव्हतं. दोन्ही हंगाम पुरुषांचे झाले. आमच्या जिल्ह्याचं नाव आहे ते मुलींमुळं. पुरस्कारांची नावं घेतली, जानकी, इला, राणी लक्ष्मीबाई, की आमच्याकडचं कुणी ना कुणी आठवतं. यामागं डॉ. चंद्रजित जाधवांसारख्या माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पोरी खेड्यांतून आणायच्या, राहायची सोय बघायची, आई-बापांची समजूत घालायची. शासनाच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून विभागापर्यंत चढत जातात आणि आमचा विभाग लातूर. एवढ्या उतरंडीतून वर आलेली पोरगी पाच लाखांच्या यादीत मात्र कुठंच नाही.

मग भाच्यानंच वही काढली. "चला, आपण घेऊ ड्राफ्ट. चार गट, तेच भाव. धाराशिवचा मुलींचा संघ, तुम्ही चौघी मालकिणी."

पुढचा दीड तास मैदानाच्या कडेला जे भांडण झालं तसं आमच्या चौघींत खेळताना कधी झालं नव्हतं. मुलींची नावं मी इथं देत नाही. त्यांतल्या निम्म्या समोरच सराव करत होत्या आणि आपल्यावर काय बोली चाललीय याचा त्यांना पत्ता नव्हता. पहिल्या पाच लाखांना एका लंब्या मुलीचं नाव निघालं. खांबावर सूर असा मारते की बघत राहावं. जोडीदारीण म्हणाली, "नको. मार्चमध्ये बघायला येणारेत तिला."

"त्याचा काय संबंध?" भाचा.

"संबंध असा की एप्रिलमध्ये ती तुझ्या संघात असेल का लातूरच्या, का घरात, ते कोण सांगणार? पाच लाख अडकवून बसतोस का?"

भाच्यानं वहीत लिहिलं: जोखीम. दुसरी मुलगी पोलीस भरतीची तयारी करणारी. गुडघा जपते, म्हणून सूर मारत नाही. तिला दीड लाखात टाकली. तिसरीला रेल्वेत नोकरी लागायच्या बेतात. आमच्याकडची खरी अदलाबदल ही. राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण यांचे स्वतःचे संघ उतरतात. पोरगी नोकरीला लागली की महाराष्ट्राचा शर्ट काढून तिकडचा घालते आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राविरुद्धच उभी राहते. 2022च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धा आमच्याच गावात झाली तेव्हा आमच्या पाठीमागं बसलेली एक बाई दोन्ही संघांसाठी ओरडत होती. नोकरीनं पगार मिळतो, पेन्शनची आशा मिळते, आई-बाप झोपतात शांत. एवढ्यासाठी कुणी संघ बदलला तर त्याला गद्दारी म्हणणारा माणूस पोटभर जेवलेला असतो, असं माझं मत आहे. भाच्यानं तिचं नाव पाच लाखांत लिहिलं आणि शेजारी 'रजा मिळेल?' असं प्रश्नचिन्ह टाकलं.

अश्विनीला घ्यावं का, यावर एक मिनिटही वाद झाला नाही. तिला कुठल्याच गटात न बसवता सगळ्यात वर ठेवलं.

विश्वचषकाबद्दलही मला भाच्याशी थोडं भांडायचं होतं. त्याचं म्हणणं, देश वाढले तरच खेळ मोठा होणार. एनबीएसुद्धा तीस संघांवर अडून बसलीय आणि सिएटल, लास व्हेगासचे लोक कधीपासून वाट बघतायत. सिएटलचा संघ 2008मध्ये उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला, ती जखम अजून ओली आहे म्हणे. पटतं. पण दिल्लीत पुरुषांचे वीस आणि महिलांचे एकोणीस संघ होते आणि आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला 175-18नं हरवलं. मी तो सामना मोबाईलवर बघितला आणि अर्ध्यात बंद केला. समोरची पोरगी खो कुठून येतोय ते शोधतेय आणि आपली तिला शिवून पुढं गेलीसुद्धा. यात आपली मजा नाही, त्यांची तर नाहीच. नेपाळविरुद्धची अंतिम फेरी 78-40, तिथं निदान झुंज दिसली. कोरियाच्या मुली दहा वर्षं खेळत राहिल्या तर त्या 175ला अर्थ येईल.

"पण संघ वाढले की गटही बदलावे लागतात," भाचा म्हणाला. सिएटल आणि व्हेगास दोन्ही पश्चिमेला, मग पश्चिमेतला एखादा उचलून पूर्वेत टाकावा लागेल. मिनेसोटा, मेम्फिस किंवा न्यू ऑर्लिन्स.

हे मात्र माझ्या भावाला, म्हणजे त्याच्या वडलांना, शिकवायची गरज नाही. तो लहान असताना जिल्ह्याच्या संघात औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूरची पोरं असायची. 1982मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि ती सगळी एका झटक्यात प्रतिस्पर्धी झाली. ज्यांच्याबरोबर एका ट्रकमध्ये बसून सामन्याला गेलो त्यांच्याविरुद्ध निवड चाचणीत उभे राहिलो, असं तो अजून सांगतो. कुणाची बदली नाही, करार नाही. नकाशावर रेघ ओढली आणि संघ फुटला.

अंधार पडायला लागला तशी यादी पुरी झाली. आता प्रश्न उरला नावाचा. नुसतं धाराशिव ठेवलं तर प्रायोजक कुठून येणार, मराठवाडा ठेवू, असं भाच्यानं सुचवलं. ते सगळ्यांना पटलं. मग तो म्हणाला, "घरचं मैदान लातूरला ठेवू या का? मोठं शहर आहे, सोयी बऱ्या आहेत."

जोडीदारिणीनं त्याच्या हातातली वहीच काढून घेतली. "लातूरला? पोरी आमच्या, भाकरी आमची आणि मैदान लातूरला? त्यापेक्षा बार्शीला ने, आत्याच्या दारात!" दुसरी म्हणाली, तुळजापूरला न्या, देवीच्या पायाशी, प्रेक्षक आपोआप येतील. पोलिसातली म्हणाली, नवरात्रात बंदोबस्त कोण करणार, तुझा बाप? सरावाला आलेल्या पोरी एव्हाना चपला घालून आमच्याभोवती गोळा झाल्या होत्या आणि त्यांतल्या लंबीनं वहीत वाकून बघितलं.

"ताई, माझ्या नावापुढं जोखीम का लिहिलंय?"