सारंगखेड्याहून आलेला घोडा

घोडी गाभडली की पहिला संशय लाथेवर जातो आणि दुसरा नजरेवर. निफाडकडच्या आबांच्या पागेत मी पोचलो तेव्हा दोन्ही संशय पक्के होऊन घोडीच्या गळ्यात काळा दोरा पडला होता. मला बोलावलं होतं ते वार अडकली असेल तर काढायला. पण अडकायला काही उरलंच नव्हतं. शिंगरू आणि वार एकदमच पडली होती. शिंगरू अजून पडद्यात गुंडाळलेलं, दहाव्या महिन्यातलं, अंगावर केस आलेलं, सडल्याची खूण कुठे नाही. घोडी निवांत कडबा खात होती. ताप नव्हता, खोकलाही नव्हता.

मी विचारलं, "आबा, नवं जनावर आलंय का पागेत?"

"घोडं आणलंय की सारंगखेड्याच्या यात्रेतून. पण ते ठणठणीत आहे. त्याचा काय संबंध?"

त्या घोड्याची गव्हाण तिच्या शेजारीच होती. आल्यावर चार दिवस नाक वाहिलं होतं, असं मोतद्दार म्हणाला. प्रवासाची सर्दी म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तोबरा मात्र दोघांना एकच.

शिंगरू पागेपासून लांब, प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवून उघडलं. छातीत पिवळसर पाणी, फुप्फुसं इतकी फुगलेली की त्यांच्यावर फासळ्यांचे ठसे उमटलेले, यकृतावर बारीक पांढुरके ठिपके. आमचा जन्म गायी-म्हशींत गेला. घोड्याचं असं शवविच्छेदन आमच्या वाट्याला क्वचितच येतं. तरी हे चित्र पुस्तकात पाहिलेलं होतं. फुप्फुस, यकृत, प्लीहा आणि वारेचे तुकडे बर्फात घालून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले. उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणेच: घोड्यांचा हर्पिस विषाणू, प्रकार एक.

आबांना तो समजावताना नागिणीचा उपयोग झाला. हा विषाणू त्याच कुळातला. लहानपणी कांजण्या झालेल्या माणसाला उतारवयात नागीण उठते, कारण विषाणू मज्जातंतूंत दडून राहिलेला असतो. घोड्यांचंही तसंच. बहुतेकांना तो शिंगरू असतानाच, बऱ्याचदा आईकडूनच लागतो आणि मग जन्मभर अंगात राहतो. लांबचा प्रवास, गर्दी, दूध तोडणं, दुसरं आजारपण, असा काही ताण आला की तो जागा होतो आणि नाकावाटे बाहेर पडू लागतो. त्या वेळी घोडा वरवर धडधाकट दिसू शकतो. आबांचं 'ठणठणीत' खोटं नव्हतं. त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता, एवढंच.

गाभण घोडीत विषाणू रक्तातून गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत जातो, तिथं रक्ताच्या गुठळ्या धरवतो आणि वार सुटते. संसर्गापासून गाभ पडेपर्यंत दोन आठवडेही जातात, कधी काही महिनेही. म्हणून तर कुणाला यात्रा आठवत नाही, कालची लाथ आठवते.

मला खरी मेख दिसते ती तिथीची. दिवस मोठे होऊ लागले की घोड्या माजावर येतात. फाल्गुन-चैत्रात फळलेली घोडी मार्गशीर्षात आठव्या-नवव्या महिन्यात असते. हा विषाणू गाभ पाडतो तो बहुतेक सातव्या महिन्यानंतर. आणि सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला! ठिकठिकाणचे घोडे ट्रकात उभे राहून येतात, एका मैदानात दाव्याला दावं लावून राहतात आणि गाभण घोड्यांच्या पागांत पांगतात. यात्रा बंद करा असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला ती आवडते. पण दाखला मागतात तो ग्लँडर्स हा रोग नसल्याचा. तो हवाच. या विषाणूबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती मोतद्दाराच्या हातांची. पडलेलं शिंगरू, वार आणि पाणी यांत विषाणू खच्चून भरलेला असतो. त्यानं शिंगरू उघड्या हातांनी उचललं आणि त्याच हातांनी पुढच्या घोडीला बादली लावली. माणसाला हा आजार होत नाही, पण माणूस तो पोचवतो. वार आणि शिंगरू चुना टाकून खोल पुरलं, भुसा जाळला, फरशी धुऊन जंतुनाशक मारलं, ती घोडी वेगळी बांधली, तिला वेगळा माणूस. बाकीच्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजायचा आणि मागचे पाय लटपटतात का, लघवी ठिबकते का ते बघायचं, कारण हाच विषाणू मज्जारज्जूवरही जातो. 2021 साली स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या स्पर्धेतून तो पसरला तेव्हा युरोपात 18 घोडे दगावले. आबांकडे लटपटलं कुणी नाही. आणखी एक घोडी मात्र गाभडली. उरलेल्या दोघी नीट व्याल्या.

गाभडलेली पहिली घोडी आबा विकायला निघाले होते. 'खोड लागली' म्हणून. तसं काही नसतं. पुढच्या माजाला ती सहसा नेहमीसारखी फळते. ती फळलीही. आता पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात मृत विषाणूची लस देतो. लसीनं एकेका घोडीची हमी मिळत नाही, पण पागेतल्या पागेत एकीमागून एक गाभडण्याचा धोका कमी होतो. बाहेरून येणारं जनावर तीन-चार आठवडे द्राक्षबागेपलीकडच्या शेडमध्ये राहतं; त्याचा तोबरा, बादली, खरारा सगळं वेगळं.

भांडण राहिलंय ते आबांच्या घोड्याकडे फळवायला येणाऱ्या घोड्यांवरून. त्यात पैसा आहे, ते बंद होणार नाही. मधला मार्ग असा निघाला की आलेली घोडी बाहेरच्या आवारातच फळवायची, मुक्कामाला आत घ्यायची नाही आणि गाभण घोड्यांच्या बाजूला तर फिरकूही द्यायची नाही. परवा एका गिऱ्हाइकाला हा अपमान वाटला. "माझी घोडी काय रोगट आहे?" म्हणत त्यानं ती तशीच टेम्पोत चढवली. आबांनी त्याचा विसार परत केला आणि मला फोन करून चांगलं फैलावर घेतलं.