रजेचा अर्ज

आमच्या घरात 'मी' फारसे कुणी म्हणत नाही. अब्बा 'हम' म्हणायचे, अम्मी 'हम' म्हणते, वर्गातली पोरेही 'हम आज सबक याद करके नै आए' असेच सांगतात. तेव्हा मराठी लिहायला बसलो की आपोआप 'आम्ही' येते. वाचकांनी ते थोरपणाचे समजू नये. सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी आणि इतिहास शिकवतो. बी.एड. झाल्यावर तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढली, मग कायम झालो. ही हकीकत आमच्या एका रजेची आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दिवस गेल्याचे कळले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी पहिला प्रश्न केला तो असा, "फिर, इस्कूल कबसे छोडती?" मुबारकबाद नंतर दिली. त्यांचा दोष नव्हता. २०१९ साली आमचे दहाव्या आठवड्यात गेले होते. तेव्हा शाळेत घटक चाचण्या चालू होत्या. तिसऱ्या मजल्यावर पर्यवेक्षण होते आणि पेपरांचे गठ्ठे घेऊन आम्ही दिवसातून चार वेळा जिने चढत होतो. तिसऱ्या दिवशी रक्त दिसले. घरात, नात्यात, मोहल्ल्यात एकच वाक्य फिरले: जिने चढली म्हणून गेले. कुणी तोंडावर म्हटले नाही. तोंडावर म्हटले असते तर निदान भांडता तरी आले असते. चार वर्षे शाळेचा जिना चढताना आम्ही मनात पायऱ्या मोजत होतो. एकूण चौपन्न आहेत.

या वेळी डॉक्टरबाईंना पहिल्याच भेटीत हे विचारले. त्या म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यांपैकी बहुतेकांत गर्भाच्या जडणघडणीतच, गुणसूत्रांत दोष असतो. जिने चढण्याने, उभे राहण्याने, रोजच्या कामाने निरोगी गर्भ पडत नाही. आम्ही म्हटले, हेच कागदावर लिहून द्याल का, घरी दाखवायचे आहे. त्या हसल्या. आम्ही मात्र गमतीने म्हणत नव्हतो.

तरी प्रश्न सुटला नाही, फक्त पुढे सरकला. आज नाही तर मग कधी थांबायचे? घरात ज्याचा त्याचा आकडा होता. सासूबाई तिसऱ्या महिन्यावरून पाचव्यावर आल्या. नणंद म्हणाली सातवा, कारण गोदभराईनंतर बाई घराबाहेर बरी दिसत नाही. आमचे मियाँ टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते म्हणाले, "तू म्हणशील तेव्हा." ऐकायला हे गोड वाटते. पण त्याचा अर्थ असा की काही बरेवाईट झाले तर निर्णय आमचा. आम्ही त्यांना तसे स्पष्ट सांगितले. दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी कॅलेंडर आणि पेन घेऊन शेजारी येऊन बसले. लग्नाला आठ वर्षे झाली, त्यांची ती बैठक आम्ही विसरणार नाही.

हिशेब असा होता. अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षिकेला एकशेऐंशी दिवसांची पगारी प्रसूती रजा मिळते. रजा एकच. बाळंतपणाआधी जेवढी वापराल तेवढी नंतरची कमी. डॉक्टरांनी तारीख दिली होती २२ एप्रिल २०२४. आठ आठवडे आधी, २६ फेब्रुवारीपासून रजा घेतली तर ती २३ ऑगस्टला संपणार, म्हणजे बाळ चार महिन्यांचे असताना शाळेत हजर. १ एप्रिलपासून घेतली तर २७ सप्टेंबर, बाळ पाच महिन्यांचे. सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरही तेच रंगवलेले असते. सहा महिने पुरे करायचे तर कळा सुरू होईपर्यंत फळ्यापुढे उभे राहायला हवे होते. आधीचा आराम घ्यावा तर तो बाळाच्या दुधातून कापला जाणार. मियाँ म्हणाले, हा तर पगाराच्या अॅडव्हान्ससारखाच प्रकार झाला. बरोबर म्हणाले.

आणखी एक गोष्ट होती, ती घरात कुणाला पटली नसती. दहावीचा वर्ग. शाळेतल्या अर्ध्याअधिक मुली विडी वळणाऱ्या आणि कारखान्यात काम करणाऱ्या घरांतल्या. सगळे विषय उर्दूतून, पण मराठीचा पेपर आला की त्यांचे हातपाय गार पडतात. 'ळ' आणि 'ल' यांत वर्ष जाते. बोर्डाची परीक्षा १ मार्चपासून होती. आम्ही फेब्रुवारीत घरी बसलो असतो तर त्यांच्या उजळणीला कोण होते? हे ऐकून सासूबाई म्हणाल्या असत्या, त्या पोरींच्या आया आहेत की. म्हणून बोललो नाही.

मग अम्मीकडे गेलो. तिच्याकडून आधार मिळेल अशी खात्री होती. आमच्या जन्माची गोष्ट घरात लहानपणापासून सांगितली जाते. अम्मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. पोट एवढे पुढे आलेले की सूप गुडघ्यांवर टेकवावे लागे. कळा सुरू झाल्या तेव्हा हजारातल्या दीडशे विड्या बाकी होत्या, त्या तिने पुऱ्या केल्या, दोरा बांधला आणि मग दाईला बोलावणे धाडले. ही गोष्ट आम्ही कितीदा तरी अभिमानाने सांगितली आहे. एकदा तर शाळेतल्या महिला दिनाच्या भाषणातही घातली होती. तीच गोष्ट तिला ऐकवून म्हटले, तू शेवटच्या तासापर्यंत काम केलेस, मग आम्ही का नाही?

अम्मीने पानदान बाजूला सारले. म्हणाली, "अगे, हम क्या शौक से वळते थे क्या? शाम को माल नै गया तो चूल्हा नै जलता था. तेरे कू रजा हय, पगार हय. तू मेरी बराबरी नको करू."

आणि मग तिने कधी न सांगितलेले सांगितले. आमच्या आणि धाकट्या भावाच्या मध्ये एक होते. सातव्या महिन्यात गेले. त्यानंतर चौथ्या दिवशी ती सुपापुढे बसली होती. "तब किसने नै पूछा, जिना चढी क्या," ती म्हणाली. आमच्या त्या वेळच्या घराला जिना नव्हता.

नंतर आम्ही कायदे चाळले, मास्तरकीची खोड. विडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूतीचा लाभ दिलेला होता. अम्मीला त्यातला पैसा मिळाला नाही, कारण कार्ड खालाच्या नावावर होते. अम्मी वळायची, नोंद खालाच्या नावावर व्हायची. असे किती घरांत चालायचे ते सोलापूरकरांना सांगायला नको. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातले एक कलम वाचून तर आम्ही जागच्या जागी थांबलो. बाळंतपणाच्या आधीच्या ठरावीक मुदतीत बाईने मागणी केली तर तिला कष्टाचे काम किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असे त्यात होते. फार वेळ उभे राहण्याचे काम! आमच्या धंद्यात दुसरे असते काय? २०१७ साली याच कायद्यातली बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली, आणि त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतील असे ठरले. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. सव्वीस आठवडे तेवढेच राहिले.

हे सारे वाचले ते स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्या एका बाजीसाठी जास्त. आमच्याच इमारतीत, त्याच जिन्यावर, विनाअनुदानित तुकड्या भरतात. तिथली एक बाजी, वय सव्वीस, शिक्षण आमच्याइतकेच, पगार आमच्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. तिला आमच्यानंतर दीडएक महिन्याने दिवस गेले. स्टाफरूममध्ये आम्ही दोघी एकाच डब्यातली चिंच खात होतो. डिसेंबर सरता सरता संस्थेकडून तिला सांगण्यात आले, आता तुम्ही आराम करा, बाळंतपण झाल्यावर या, जागा असली तर बघू. कागद नाही, सही नाही. प्रेमाने सांगितले. ती कधी थांबणार हे तिच्या वतीने ठरून गेले. घरी आम्ही कॅलेंडरवर गोल करीत बसलो होतो आणि हिच्या हातात पेनसुद्धा दिले नव्हते.

आम्ही तिच्यासाठी अर्ज लिहिला. शुद्ध मराठीत, कायद्याचा आधार देऊन: वर्षभरात ऐंशीहून अधिक दिवस काम केले आहे, प्रसूती रजा मिळावी, रजेच्या काळात सेवा खंडित करू नये. दोन रात्री खपून लिहिला. तिने वाचला, घडी केली आणि परत दिला. "बाजी, इतनी अच्छी मराठी देखकर उनको पता चलेगा किसने लिखा," ती म्हणाली. मग हळूच, "और मेरी छोटी बहन का भी इधरच डी.एड. का नंबर लगाना है." आम्ही आग्रह केला नाही. का केला नाही? तिच्या भल्यासाठी, असे तेव्हा मनाला सांगितले. पण आमचे सेवा पुस्तक त्याच कपाटात होते हेही खरे. हेडमास्तर साहेबांकडे निदान तोंडी बोलता आले असते. बोललो नाही. जानेवारीत तिच्या जागी नुकतीच बी.एड. झालेली एक मुलगी आली.

आम्ही १ एप्रिल ठरवले. हेडमास्तर साहेबांनी समजूतदारपणे आमचे तास तळमजल्यावर आणले, वर्गात खुर्ची ठेवली. खुर्चीवर बसून मराठी शिकवता येते, फक्त मागच्या बाकांवरची पोरे दिसत नाहीत, आणि त्यांना ते लगेच कळते. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेत होतो, त्या वाया जात होत्या हे उशिरा समजले. १२ मार्चला रमजान सुरू झाला. रोजे माफ होते, नंतर कझा करायचे. पण भर उन्हाळ्यात रोजेदार पोरींसमोर पाणी कसे प्यावे? आम्ही स्टाफरूमच्या कपाटामागे जाऊन बाटली तोंडाला लावायचो, चोरासारखे. एका सहावीतल्या मुलीने पाहिले आणि म्हणाली, "टीचर, पियो ना, आपके पेट में छोटा बच्चा है, उसका रोजा नै." त्यानंतर टेबलावर बाटली ठेवली.

२३ मार्चला, शनिवारी, सकाळपासून डोके दुखत होते, अंगठी निघत नव्हती. अर्ध्या दिवसाने दवाखान्यात गेलो. रक्तदाब १४४/९४. लघवीत प्रथिने नव्हती, तेवढे बरे. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता शाळा नाही. कॅलेंडर, गोल, हिशेब, सगळे आठ दिवसांसाठी हुकले. आम्हाला वाटले होते की वाईट वाटेल. पण कुणीतरी बाहेरून 'बस' म्हटले आणि आम्हाला रिक्षात बसल्या बसल्या झोप लागली. होळीची सुटी संपल्यावर २६ मार्चपासून रजा लागली. त्याच दिवशी दहावीचा शेवटचा पेपर होता. संध्याकाळी चार मुली घरी आल्या, पेपर दाखवायला. सासूबाईंनी त्यांना इफ्तारला बसवून घेतले.

रजेवर असताना लोकसभा निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश आमच्या नावे आला. मियाँ डॉक्टरांचा दाखला घेऊन कचेरीत तीन खेटे घालून आले.

१० एप्रिलला, चाँदरातीला, मुलगी झाली. दाब वाढत होता म्हणून कळा औषधाने सुरू केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शीरखुर्म्याचे इतके डबे आले की आयाबाई म्हणाली, एवढ्यात वॉर्डाची ईद होईल. झालीच.

जुलैच्या मध्याला आम्ही मुलीला साडेतीन महिन्यांची लस द्यायला नागरी आरोग्य केंद्रात गेलो. तिथे बाकावर ती बाजी बसली होती, मांडीवर दीड महिन्याचा मुलगा. त्याची पहिलीच लस. घरी ती दहा पोरांची शिकवणी घेत होती, बाळंतपणाच्या अठराव्या दिवसापासून. आम्ही एकमेकींची बाळे बदलून घेतली, वजने विचारली. मग तिने विचारले, "बाजी, तुमची रजा कधी संपते?"

"एकवीस सप्टेंबर."

तिने बोटांवर मोजले. "पाँच महिने के ऊपर मिले," म्हणाली. तिच्या आवाजात हेवा नव्हता, खरोखर आमच्यासाठी बरे वाटल्यासारखे होते. आम्ही मान खाली घालून मुलीचे टोपडे नीट करीत राहिलो. तो अर्ज अजून आमच्या पर्समध्ये होता, घडी तशीच. तो काढून तिच्या हातात द्यावा असे मनात आले. पण आता त्यावर कोणती तारीख घालायची? नर्सने तिच्या मुलाचे नाव पुकारले. ती उठली आणि तिची पिशवी आमच्याकडे देऊन आत गेली.