पुरुष जिथे टोप्या विणतात

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात टिटिकाका नावाचे अफाट सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून ते ३,८१२ मीटर उंचीवर पसरले आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी या सरोवराचे पाणी वरच राहील! या सरोवरात, पुनो शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर, ताकीले हे चिमुकले बेट आहे. लांबी पाच-साडेपाच किलोमीटर, रुंदी दीडेक किलोमीटर. वस्ती दोन हजारांच्या आसपास. बेटावर मोटारगाडी नाही. धक्क्यावर बोटीतून उतरले की पाचशेहून अधिक दगडी पायऱ्या चढून गावात जायचे. हवा इतकी विरळ की नवख्या माणसाला दर वीस पायऱ्यांवर दम खावा लागतो.

वाटेत दोन्ही अंगांना दगडी बांध घातलेली ताली-ताली शेते दिसतात. बटाटा, मका, वाल हे इथले मुख्य पीक. बटाटा हे मूळ याच अँडीज पर्वतातले वाण. हजारो वर्षांपूर्वी इथल्याच शेतकऱ्यांनी ते माणसाळवले. पुढे ते युरोपात गेले आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. ‘बटाटा’ हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. बेटाची जमीन सहा भागांत वाटलेली आहे. यंदा कोणत्या भागात काय पेरायचे आणि कोणता भाग पड ठेवायचा, हे सारा गाव मिळून ठरवतो.

आपल्याकडे मृगाच्या पेरणीची लगबग असते, तेव्हा तिकडे कडाक्याचा हिवाळा असतो. दुपारी ऊन चटके देते आणि रात्री पाणी गोठते. अशा मुलखात डोक्यावर लोकरीची टोपी नसेल तर माणसाचा निभाव लागत नाही. या टोपीला तिकडे ‘चुल्यो’ म्हणतात. ती आपल्या कानटोपीची बहीणच म्हणा ना! काहींना कानांवर येणारे पट्टे असतात, तर काहींचे टोक लांब होऊन मागे लोंबते.

नवल पुढेच आहे. या टोप्या बायका विणत नाहीत, पुरुष विणतात. कडेला बसलेला म्हातारा, चौकात गप्पा मारणारे तरुण, चढावर चालणारा गडी, सगळ्यांच्या हातांत सुया. आपले धनगर मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातत, तसाच हा प्रकार. बायकांनी लोकर कातायची आणि हातमागावर पट्टे विणायचे, पुरुषांनी टोप्या करायच्या, अशी तिथे कामांची वाटणी आहे. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की बाप त्याच्या हाती सुया देतो.

विणण्याची तऱ्हाही निराळी. सुया अगदी बारीक असतात. अँडीजमध्ये पुष्कळ जण सायकलच्या चाकाच्या तारा घासून सुया करतात. धागा मानेमागून घेतात, म्हणजे तो आपोआप ताणलेला राहतो. पाच सुयांवर टोपी गोल विणत जातात आणि विणताना तिची आतली बाजू आपल्याकडे ठेवून उलटेच टाके घालतात. नक्षीसाठी दोन रंगांचे धागे बरोबर चालवतात. जो धागा वापरात नसतो तो आतून जातो. त्यामुळे टोपी दुहेरी जाड आणि उबदार होते.

टोपीवरून माणूस ओळखता येतो. लग्न झालेल्याची टोपी लाल आणि पूर्ण नक्षीची, तर अविवाहिताच्या टोपीचा वरचा भाग पांढरा. सांगतात की मुलगी मागायला आलेल्या तरुणाची टोपी सासरा उलटी धरतो आणि तीत पाणी ओततो. पाणी गळाले नाही तर मुलगा कष्टाळू समजायचा! बारीक पीळदार धागा आणि घट्ट टाके असल्याशिवाय ही परीक्षा पार पडत नाही.

ही कला टिकली कशी? १९७०च्या दशकात परदेशी पाहुणे बेटावर येऊ लागले आणि टोप्यांना गिऱ्हाईक मिळाले. शेजाऱ्याने शेजाऱ्यापेक्षा भाव पाडला असता, तर सगळेच बुडाले असते. त्यांनी गावाचे सहकारी दुकान काढले. विणणाऱ्याने माल तिथे द्यायचा, किंमत ठरलेली. दूध संस्थेला दूध घालणाऱ्या आपल्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. पाहुण्यांना आणणाऱ्या बोटीही आधी बेटकऱ्यांच्याच होत्या. पुढे त्या धंद्यात शहरातले व्यावसायिक शिरले आणि तो बराचसा हातचा गेला. टोपी मात्र त्यांच्या हाती राहिली, कारण ती त्यांच्याच हातांत होती. युनेस्कोने २००५ साली या विणकामाला जगाचा ठेवा म्हणून गौरवले आणि २००८ मध्ये आपल्या वारसायादीत घेतले.

इतकी बारीक टोपी विणायला आठवडेच्या आठवडे लागतात. साधी टोपी मात्र आपल्या घरीही होईल. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण कानाला टोचते, म्हणून बाजारातली मऊ लोकर घ्यावी. आधी छोटा तुकडा विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. २० बसले, तर मोठ्या माणसासाठी १०० टाके गोल सुयांवर घालावेत. दोन सुलट, दोन उलट अशी ५ सेंटिमीटरची पट्टी करावी. मग सगळे सुलट विणत एकूण उंची १८ सेंटिमीटर करावी. पुढे आठ टाके विणून दोन एकत्र, अशी फेरी घालावी. नंतर एक फेरी साधी, मग सात विणून दोन एकत्र, असे कमी करत जावे. दहा टाके उरले की धागा तोडून त्यांतून ओवावा व घट्ट ओढून आतून गाठ मारावी.

आणि सुया घरातल्या मुलींच्याच हाती का द्याव्यात? मळणी उरकल्यावर पारावर बसणाऱ्या गड्यांनाही हे जमेल. ताकीलेच्या शेतकऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट, ज्याला विणता येत नाही, त्याला तिथे मुलगी मिळणे कठीण!