उशिरा जोडलेली नळी

हृदय आधी एक सरळ नळी असते, ती वाकते, तिच्यात पडदे येतात आणि चार कप्पे तयार होतात, असं आम्ही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी पाठ केलं. परीक्षेपुरतं ते पुरतंही. पण पुढच्या हृदयाचे सगळे भाग त्या नळीत आधीपासून ओळीने मांडलेले असतात, हे त्यामागचं गृहीतक खोटं आहे. ज्यातून महाधमनी आणि फुप्फुसधमनी निघतात, तो बाहेर जाणारा रस्ता त्या नळीत नसतोच. तो मागाहून येतो. इतकी वर्षं भ्रूणशास्त्र शिकवल्यावर माझं मत असं झालंय, की जन्मजात हृदयदोष समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी.

हे कळलं कोंबडीच्या अंड्यामुळे. मेक्सिकोतल्या मारिया व्हिक्टोरिया दे ला क्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयनळीवर आयर्न ऑक्साइडचे बारीक कण खूण म्हणून लावले. नळीच्या वरच्या टोकाला लावलेली खूण पुढे वाढलेल्या हृदयात सापडली ती खाली, उजव्या निलयात. म्हणजे तिच्या वरचा भाग नंतर जोडला गेला होता. या पेशी नेमक्या येतात कुठून, हे २००१ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. दोघांनी कोंबडीत, एकाने उंदरात. भ्रूणाच्या घशाच्या पुढच्या बाजूला, हृदयनळीमागे पेशींचा एक साठा असतो, ‘सेकंड हार्ट फील्ड’. हृदय धडधडायला लागलेलं असतानाच तिथून पेशी येत राहतात आणि नळी लांबत जाते.

प्रात्यक्षिकाला मी तिसऱ्या दिवसाचं अंडं घेते. सिरिंजने थोडं पांढरं काढून घेतलं की बलक खाली बसतो. मग वरचं कवच बारीक कात्रीने गोल कापायचं. बलकावर रक्तवाहिन्यांचं लाल जाळं पसरलेलं असतं, आणि मधोमध उजव्या बाजूला फुगलेली, पिळलेली नळी उडत असते. रक्त आत येताना आणि बाहेर जाताना नुसत्या भिंगातूनही दिसतं. एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारी मुलंसुद्धा इथे एकमेकांना ढकलून पुढे येतात.

आता ही लांबी का महत्त्वाची? नळीची दोन्ही टोकं बांधलेली असतात, म्हणून लांबी वाढली की तिला वळावं लागतं. पुरेशी वाढली तरच बाहेरचा रस्ता डावीकडे सरकून महाधमनी डाव्या निलयावर येते. पेशी कमी पडल्या तर वळण अर्धवट राहतं आणि महाधमनी उजवीकडे अडकते, कधी दोन्ही निलयांवर स्वार होते. १८८८ मध्ये मार्सेयच्या फॅलो यांनी वर्णन केलेल्या, बाळ निळं पडणाऱ्या विकारात हेच दिसतं.

एका रस्त्याचे दोन करायचं काम आणखी वेगळ्याच पेशींकडे असतं. या ‘न्यूरल क्रेस्ट’च्या पेशी भावी मेंदूच्या कडेवरून निघतात, घशातून हृदयापर्यंत चालत येतात आणि पीळदार पडदा घालतात. म्हणूनच तर्जनीवर मधलं बोट चढवावं तशा दोन्ही मोठ्या धमन्या एकमेकींना वळसा घालून जातात. मार्गारेट कर्बी यांच्या गटाने १९८३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातल्या या पेशी काढून टाकल्या, तेव्हा पडदा झालाच नाही. एकच जाड धमनी राहिली. २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गहाळ असलेल्या मुलांमध्ये हृदयदोषाबरोबर टाळू आणि थायमस ग्रंथीही बिघडलेली का सापडते, हे त्यावरून उमगतं. सगळ्यांची वाट त्याच घशातून जाते.

हजारात सुमारे आठ मुलं हृदयदोष घेऊन जन्मतात, आणि आपल्याकडे पहिला संशय आईवर जातो. ग्रहण पाळलं नाही, तेव्हा विळी हातात घेतली, पपई खाल्ली. साफ थोतांड आहे हे. गर्भधारणेनंतर तीन आठवड्यांनी हृदय उडू लागतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. आठव्या आठवड्यापर्यंत पडदे, झडपा, धमन्या बहुतेक जागच्या जागी असतात. ज्या ग्रहणाबद्दल सासूबाई बोलतात, ते बहुधा त्यानंतरचं असतं. आणि आधीचं असलं तरी सावलीचा आणि पेशींचा काही संबंध नाही.

संबंध आहे तो रुबेलाचा आणि अनियंत्रित मधुमेहाचा. रुबेलाची लस दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी घ्यावी. गरोदरपणात ती देत नाहीत. मधुमेह असेल किंवा घरात कुणाला जन्मजात हृदयदोष असेल, तर १८ ते २२ आठवड्यांदरम्यान गर्भाचा एको जरूर करून घ्या. आणि शुगर दिवस राहण्याआधीच आटोक्यात आणा. तिसऱ्या महिन्यात आणली तर बाकी पुष्कळ फायदे होतील, पण हृदयाची बांधणी तोवर झालेली असते.