एकही सामना न हरलेला संघ

जिंकणारे आणि हरणारे, अशी संघांची विभागणी क्रीडाशौकीन करीत आले आहेत. याखेरीज आणखी एक जात आहे, आणि ती आपल्यासारख्या सरकारी चाकरीतल्या माणसांना अधिक ओळखीची वाटावी. पद मंजूर होते, त्याची वेतनश्रेणी ठरते, टेबल-खुर्ची येते, दारावर पाटीही लागते. फक्त त्या पदावर कोणी रुजू होत नाही. असाच एक फुटबॉल-संघ २०१२ साली बंगालमध्ये होऊन गेला. खरे म्हणजे 'होऊन गेला' हा शब्दप्रयोगही धाडसाचाच. कारण तो मैदानावर कधी उतरलाच नाही.

त्या दिवसांत माझी नेमणूक कलकत्त्यास होती. बंगालच्या फुटबॉल-संघटनेने एका खाजगी कंपनीच्या साहाय्याने 'प्रीमियर लीग सॉकर' नावाची स्पर्धा योजिली होती. कलकत्ता, हावडा, बारासात, दुर्गापूर, हल्दिया आणि सिलिगुडी अशा सहा गावांचे सहा संघ. क्रिकेटमधल्या लिलावाचा कित्ता समोर होताच. ३० जानेवारी २०१२ रोजी कलकत्त्यात बोली लागली. इटलीचा विश्वविजेता कर्णधार फाबियो कान्नावारो ८ लाख ३० हजार डॉलरांना सिलिगुडीच्या वाट्यास आला, फ्रान्सचा रोबेर पिरेस ८ लाखांना हावड्याच्या. सर्वांत मोठी बोली मात्र बारासातची ठरली. अर्जेंटिनाचा एर्नान क्रेस्पो त्या गावाने ८ लाख ४० हजार डॉलरांना, म्हणजे चार कोटी रुपयांहून अधिक किमतीला, मिळविला.

कलकत्त्याच्या ईशान्येस, जेसोर रोडवर वसलेले बारासात हे उत्तर चोवीस परगण्यांचे मुख्य ठिकाण. स्यालदाहून बनगावकडे जाणाऱ्या लोकलच्या गर्दीचा मोठा भाग येथे उतरतो. येथली कालीपूजा प्रसिद्ध आहे. डेप्युटी मॅजिस्ट्रेट बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आपल्या अनेक बदल्यांपैकी एका बदलीत याच गावी काम पाहून गेले. अशा या गावाच्या संघाला नाव मिळाले 'बारासात युरो मस्केटियर्स'! नावात बारासात होते. बाकी सारे कोठून आले, हे बारासातला विचारून उपयोग नव्हता.

क्रेस्पो काही सामान्य खेळाडू नव्हता. देशासाठी ६४ सामन्यांत ३५ गोल ही त्याची कमाई. २००५ साली इस्तंबूलमध्ये, युरोपच्या सर्वोच्च क्लब-स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मिलानकडून त्याने दोन गोल केले आणि तरीही त्याचा संघ हरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने इटलीतल्या पार्मा क्लबाशी असलेला करार संपविला तो या बारासातसाठी. इकडे मात्र मैदानांची व्यवस्था लागेना. फेब्रुवारीत ठरलेला आरंभ मार्चवर गेला, आणि मार्च येताच तोही बेमुदत पुढे ढकलण्यात आला. 'पुढील आदेशापर्यंत' या शब्दांचा अर्थ आपणांस वेगळा सांगावयास नको. क्रेस्पो त्यानंतर व्यावसायिक सामना खेळलाच नाही. त्याच वर्षी त्याने निवृत्ती पत्करली.

आमच्या कचेरीत बारासातहून रोज येणारे एक वयस्क सहकारी होते. सारे त्यांना दादा म्हणत. एके दिवशी मी सहज विचारले, "दादा, तुमचा क्रेस्पो कधी येणार?" ते चहाचा पेला खाली ठेवीत म्हणाले, "आमचा कसला? तो येता, आमच्या पोरांबरोबर चिखलात पहिला सामना हरता, आणि आम्ही त्याला शिव्या देत घरी जातो, तर दुसऱ्या दिवशी तो आमचा झाला असता."

त्या वेळी मी हसलो. पण कलकत्त्यात जसजसा काळ गेला, तसतसे त्या बोलण्यातले मर्म पटत गेले. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. १९११ साली त्यांनी बहुतांशी अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला नमवून शील्ड जिंकली, हे सर्वश्रुत आहे. परंतु मधल्या बावीस वर्षांत पराभव सोसणारे पाठीराखे नसते, तर त्या दिवशी मैदानावर गर्दी कोणी केली असती? ईस्ट बंगालचा जन्म तर अपमानातूनच झाला. १९२० साली जोडाबागान क्लबाने एका खेळाडूला संघाबाहेर ठेवले, त्या रागातून तो संघ उभा राहिला, आणि पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांनी त्याला आपले घर मानले. आज ईस्ट बंगाल जिंकले की घरात हिलसा शिजतो, मोहन बागान जिंकले की कोळंबी. हरले की चूल उदास असते. जो संघ स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला, तोच गावाचा. बारासातचा क्रम मुळातच उलटा होता: आधी किंमत, मग नायक, मग नाव, आणि मैदान सर्वांत शेवटी.

हावड्याने बोली लावलेला पिरेस पुढे २०१४ साली भारतात आला तो एफसी गोवाचा खेळाडू म्हणून. गोमंतकात तो जिंकला, हरला, लोकांना दिसला. बारासातच्या वाट्याला एवढेही आले नाही. संध्याकाळी तेथल्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना एक दार नुसते दाखविले गेले, आणि ते किलकिले होण्याआधीच बंद झाले. त्यांचे नुकसान कोणत्याही हिशेबात धरले गेले नाही. कारण हिशेब डॉलरांचा होता.

आपण परमुलखात नोकरी करणारी माणसे. आदेशाने आपल्याला एखादे गाव मिळते, दारावर आपल्या नावाची पाटी लागते, आणि आपण समजतो की आपण तेथले झालो. पण बाजारात फसल्याशिवाय, तेथल्या पुरात चार दिवस अडकल्याशिवाय, एखाद्या शेजाऱ्याच्या प्रेतयात्रेत चालल्याशिवाय गाव आपले होत नाही. बदलीची तारीख मोजीत जो बारा वर्षे काढतो, तो हरतही नाही आणि जिंकतही नाही. त्याच्या सेवापुस्तकात त्या गावाचे नाव स्वच्छ अक्षरांत असते, आणि गावाला मात्र तो कधी आला होता, याची आठवणही नसते.