कर्तव्य कीं धाक?

सत्ताधीशाच्या मुखीं कर्तव्याचा उपदेश आला कीं आम्हांस प्रथम आपल्या हक्कांची काळजी वाटूं लागते. राज्यघटनेंत मूलभूत कर्तव्यें आलीं तीं १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें, म्हणजे ऐन आणीबाणींत. नागरिकांचे कित्येक हक्क कुलुपांत होते, तेव्हांच त्यांस कर्तव्यांची यादी मिळाली! वनें, सरोवरें, नद्या व वन्य प्राणी यांचें रक्षण करावें आणि जीवमात्रावर दया करावी, हें त्या यादींतील एक कर्तव्य. तें मोडणारास घटनेनें शिक्षा सांगितलेली नाहीं. सबब तें शोभेचें सुभाषितच, असें कोणासही वाटावें.

परंतु १९८६ सालीं राजस्थानच्या उच्च न्यायालयानें त्याचा निराळाच अर्थ लाविला. जयपूर शहरांतील घाणीविरुद्ध एका नागरिकानें अर्ज केला होता. पर्यावरण राखणें हें नागरिकाचें कर्तव्य असेल, तर सरकारी संस्थांस त्यांच्या कामास लावण्याचा हक्कही त्यास आहे, असें न्यायालयानें ठरविलें. पैसा नाहीं, माणसें नाहींत, ही सबब चालली नाहीं. सहा महिन्यांत शहर स्वच्छ करण्याचा हुकूम झाला.

हा न्याय आम्हांस फार मोलाचा वाटतो. रस्त्यावर कागद टाकणाऱ्या मुलास दटावणें सोपें. नदींत साऱ्या शहराचें गटार सोडणारांस जाब विचारणें कठीण. कर्तव्य केवळ पहिल्यासच सांगावयाचें असेल, तर तें कर्तव्य नव्हे, निव्वळ धाक होय. ज्यास नदी राखावयास सांगितली, त्यास ती नासविणाराचा हात धरण्याची मुभा हवीच.